पुरवठादार आचारसंहितेवर सही करायची आहे, पण पाच प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आहे

हिंगणा_शेड (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी.

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. ब्रॅकेट, क्लॅम्प, शीटमेटलची बारीकसारीक कामं आणि मागच्या बाजूला झिंक प्लेटिंगची एक लाइन. बाबांनी एक लेथ आणि एक पॉवर प्रेस घेऊन सुरुवात केली होती. आता आम्ही बावीस जण आहोत. चौदा माझ्या हजेरीपटावर, आठ ठेकेदाराचे.

निम्म्याहून जास्त माल ज्या कंपनीला जातो (नाव लिहीत नाही, कृपया अंदाजही बांधू नका), तिच्याकडून गेल्या आठवड्यात ‘पुरवठादार आचारसंहिता’ आली. चौदा पानं, सोबत ६२ प्रश्नांचा तक्ता. बालकामगार आहेत का, किमान वेतन देता का, घातक कचरा कुठे जातो, महिलांसाठी तक्रार समिती आहे का, कोणाला लाच दिली का. खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ आणि मालकाची सही-शिक्का.

तीन रात्री जेवण झाल्यावर तो तक्ता घेऊन बसलो. ५७ ठिकाणी मनापासून ‘हो’ लिहिता आलं. पाच ठिकाणी पेन थांबलं.

आठ ठेकेदारी माणसांचा पीएफ ठेकेदार बिलात लावतो, मी पैसे देतो. तो पुढे भरतो का, हे मी आजवर एकदाही तपासलं नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, आम्ही दीडपट देतो, बाबांच्या काळापासून. प्लेटिंगचं धुण्याचं पाणी टाकीत घेतो, चुना टाकतो आणि नाल्यात सोडतो. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राच्या अर्जात लिहिलेली ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) प्रत्यक्षात ही एक टाकी आहे. टाकीतला गाळ शेडच्या मागे अकरा पोत्यांत भरून ठेवलाय, दीड वर्ष होऊन गेलं. आणि पॅकिंगला तीन बाया आहेत. तक्रार समितीचा कागद फाइलमध्ये आहे, पण समितीत कोण आहे हे त्या तिघींना माहीत नाही.

एक सल्लागार भेटून गेले. पंधरा हजारांत सगळी उत्तरं ‘हो’, वर भिंतीला लावायला पर्यावरण धोरण फ्रेम करून देतो म्हणाले.

राग कशाचा येतो सांगू? त्याच आचारसंहितेच्या पहिल्या पानावर ‘भागीदारांशी न्याय्य व्यवहार’ असं लिहिलंय, आणि माझी बिलं त्या कंपनीकडून ११०-१२० दिवसांनी सुटतात. पण राग येऊन उपयोग नाही. ती अकरा पोती त्यांची नाहीत, माझी आहेत.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

बर्डीवाला | सोमवार, रात्री ११.४८

भाऊ, एवढं काऊन जिवाला लावून घेऊन राह्यले? असे फारम माह्याकडे वर्षाला तीन-चार येतात. समोरच्याले पण माहीत असते का सगळे ‘हो’ लिहूनच पाठवतात. तुम्ही एकटे ‘नाही’ लिहाल तर त्याच्या कम्प्युटरवर तुमचंच नाव लाल होईन अन् ऑर्डर बाजूच्या शेडमध्ये जाईन. बावीस घरं तुमच्या भरवशावर आहेत, ती अगोदर पाहा. सही करा, पाठवून द्या, मग सवडीनं एकएक दुरुस्त करा.

मी वाईट सल्ला देऊन राह्यलो असं वाटू देऊ नका. दोन वर्षांपूर्वी मी एक मोठी ऑर्डर गमावली, त्याची झळ अजून सोसून राह्यलो.

वैनगंगा | मंगळवार, सकाळी ७.१५

बर्डीवाला दादा, तुमची काळजी समजते. पण एकदा ‘हो’ लिहिलं की ती सवड कधीच येत नाही. पंधरा वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते आहे, हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

हिंगणा_शेड, मला पाण्याबद्दल आधी विचारायचं आहे. पॅसिवेशन, म्हणजे प्लेटिंगवरचा गंजरोधक थर, पिवळं करता की निळं? बाथ, म्हणजे प्लेटिंगचं द्रावण, सायनाइडची आहे की अल्कली झिंक? आणि चुना टाकण्याआधी दुसरं काही टाकता का?

हिंगणा_शेड | मंगळवार, सकाळी ८.०२

ताई, अल्कली झिंक, सायनाइड नाही. पॅसिवेशन पिवळं. फक्त चुना टाकतो, पीएच पट्टीवर ७-८ आला की सोडतो.

वैनगंगा | मंगळवार, सकाळी ९.३०

सायनाइड नाही हे फार बरं झालं. इतर वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते: सायनाइड बाथचं पाणी आम्लाच्या पाण्यात कधीही मिसळू देऊ नका, एकाच गटारात जाऊ देऊ नका. त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू निघतो आणि माणूस जागच्या जागी मरतो.

आता तुमच्या टाकीबद्दल. हे वाचून वाईट वाटेल, पण माहीत असायला हवं. पिवळ्या पॅसिवेशनमध्ये सहसा हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) असतं. कर्करोगकारक आहे. चुन्याने झिंक खाली बसतं, हेक्साव्हॅलंट क्रोमियम बसत नाही, ते पाण्यात विरघळलेलंच राहतं. म्हणजे पट्टीवर पीएच बरोबर दिसतो आणि क्रोमियम मात्र तसंच्या तसं नाल्यात जातं. पाण्याला हलका पिवळा रंग असतो का? तेच ते.

योग्य रीत अशी. आधी आम्ल टाकून पीएच २ ते ३ वर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट. पिवळा रंग जाऊन हिरवट रंग आला की हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट (कमी विषारी रूप) झालं. त्यानंतर चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच ८.५ ते ९ च्या आसपास न्यायचा, तेव्हा ते गाळ होऊन बसतं. या वेळी सल्फर डायऑक्साइडचा वास सुटतो, म्हणून उघड्या जागी आणि मास्क लावून. करणाऱ्या माणसाला नीट शिकवल्याशिवाय हात लावू देऊ नका.

नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम ०.०५. आकडे इतके लहान का आहेत, याचा एकदा विचार करा. तुमच्या शेडमागचा नाला कुठे जातो ते मला माहीत नाही, पण नागपुरातलं जवळपास सगळं पाणी या ना त्या वाटेने वैनगंगेच्या खोऱ्यात किंवा वर्धेच्या खोऱ्यात उतरतं. नाग नदी तर शहर पार करून कन्हानला, पुढे वैनगंगेला मिळते आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. माझं माहेर त्या काठावरचं आहे, आयडी त्यावरूनच घेतलाय.

हिंगणा_शेड | मंगळवार, दुपारी १.४०

ताई, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच ठेवला. हलका पिवळा रंग असतो. अकरा वर्षं मी समजत होतो की चुना टाकला म्हणजे आपलं पाणी शुद्ध झालं.

प्लेटिंग लाइन आजपासून बंद ठेवतो. तुम्ही सांगितलेली रीत बसेपर्यंत एकही बॅच घेणार नाही.

ताळेबंद | मंगळवार, रात्री ९.१०

धरमपेठेत माझी सीएची प्रॅक्टिस आहे, लघुउद्योगांची कामं बरीच असतात. लाइन बंद ठेवण्याचा निर्णय घेतलात, त्याला पैशाचं बळ लागेल, म्हणून बिलांबद्दल लिहितो.

तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर बिलाचे पैसे ठरल्या मुदतीत मिळायला हवेत, पण ती मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. पीओवर (खरेदी आदेशावर) ‘९० दिवस’ छापलं म्हणून ते कायदेशीर होत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ.

हे सगळं २००६ पासून आहे आणि फारसं कोणी मनावर घेत नव्हतं. फरक पडला तो आयकर कायद्यात ४३बी(एच) आल्यावर, म्हणजे आकारणी वर्ष २०२४-२५ पासून. मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खरेदीची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. त्या मार्चमध्ये माझ्या दोन अशिलांना खरेदीदाराकडून फोन आले होते: उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर देणार नाही. एकाने रद्द केली. मला आजही वाटतं की त्याला मी अजून जोर देऊन अडवायला हवं होतं.

शिवाय ४५ दिवसांवर थकलेली लघुउद्योगांची देणी कंपनीला दर सहामाहीला कंपनी मंत्रालयाकडे कारणांसह कळवावी लागतात. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करून सुविधा परिषदेकडे (अशा थकबाकीचे वाद सोडवणारी सरकारी परिषद) जाता येतं. पण तिथे जाणं म्हणजे बहुतेक वेळा गिऱ्हाईक तुटणं, म्हणून माझा सल्ला: आधी साधं, नम्र पत्र. उद्यम प्रमाणपत्र जोडा, थकीत बिलांची यादी जोडा, कायद्याचं कलम लिहा. आणि ते पत्र त्या तक्त्याबरोबरच पाठवा. ते तुम्हाला न्याय्य व्यवहाराबद्दल विचारतायत ना, मग त्याच पानावर तुम्हीही विचारा.

पुण्यातला_नागपूरकर | बुधवार, सकाळी ६.५५

असेच तक्ते पाठवणाऱ्या खात्यात मी काम करतो. तुमची कंपनी ती नव्हे, पण कागद सगळीकडे सारखेच.

हे कुठून येतं ते सांगतो. बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल, बंधनकारक केला. त्यामागे २०१९ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, एकूण नऊ. सचोटी, सुरक्षित उत्पादन, कर्मचाऱ्यांचं हित, मानवाधिकार, पर्यावरण वगैरे. २०२३ मध्ये त्यातले मोजता येणारे मुद्दे काढून ‘बीआरएसआर कोअर’ केलं. पुरवठा साखळीची माहिती देण्याचा भाग पहिल्या २५० कंपन्यांपुरता आहे, आणि तोही खरेदी-विक्रीत दोन टक्के किंवा त्याहून मोठा वाटा असलेल्या पुरवठादार-गिऱ्हाइकांपुरता. बावीस जणांचं युनिट त्यात जवळपास कधीच बसत नाही. म्हणजे तुम्हाला आलेला तक्ता सेबीने मागितलेला नसून कंपनीने स्वतःहून किंवा परदेशी गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून पाठवलेला असणार. युरोपात पोलाद-ॲल्युमिनियम पाठवणाऱ्यांवर आता सीबॅम (आयात मालावरचा कार्बन कर) आहे, ऑक्टोबर २०२३ पासून तिकडे कार्बनचा हिशेब द्यावा लागतो. त्या दडपणाचे धागे हिंगण्यापर्यंत येतात.

आता एक गोष्ट जी ताळेबंद साहेबांना आवडेल. बीआरएसआर कोअरमध्ये कंपनीला स्वतःची देणी सरासरी किती दिवसांनी चुकवते, तो आकडा जाहीर करावा लागतो. अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. पहिल्या तत्त्वाखाली शोधा. तो आकडा आणि तुमचे ११५ दिवस शेजारी ठेवून पत्रात लिहा.

‘नाही’ लिहिलं तर काय होतं? आमच्याकडे तरी असं आहे: त्रुटी कबूल केली आणि तारीख दिली तर सुधारणा आराखडा मागतो, बहुधा ९० दिवसांचा. ऑडिटला खोटी ‘हो’ सापडली तर ते करारभंगाचं कलम आहे, पुरवठादार थेट यादीतून जातो. ६२ पैकी ६२ ‘हो’ असलेला तक्ता आला की मी स्वतः त्या युनिटचं नाव ऑडिटच्या यादीत वर घेतो. तक्ता वाचणारा प्रत्येक जण असं करत असेल असं मात्र मी म्हणणार नाही.

आणि जे मला खुपतं तेही लिहितो. आमचं खातं आचारसंहिता पाठवतं आणि त्याच महिन्यात खरेदी खातं त्याच पुरवठादाराकडे पाच टक्के दर कमी करून मागतं. खरेदी अधिकाऱ्याची बढती किती पैसे वाचवले यावर ठरते, पुरवठादाराच्या ईटीपीवर ठरत नाही. जोवर ती मोजणी बदलत नाही तोवर आमचे तक्ते अपुरे आहेत. हे मी आतल्या बैठकीत बोलतो, म्हणून इथेही बोललो.

मिलचा_भोंगा | बुधवार, सकाळी १०.३०

नागपूरच्या लोकांनी एक गोष्ट विसरू नये. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये जॉबर (मुकादम) होते, म्हणून आमच्या घरात हा इतिहास पाठ आहे.

१ जानेवारी १८७७ ला गांधीसागराजवळ, म्हणजे तेव्हाच्या जुम्मा तलावाजवळ, जमशेटजी टाटांची ती गिरणी सुरू झाली. कापूस इथला, कोळसा जवळ, म्हणून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड आला, १८९५ पासून अपघाताची भरपाई. देशात अपघात भरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये आणि पीएफचा १९५२ मध्ये. कोणी तक्ता पाठवला नव्हता. हवेत दमटपणा राहावा म्हणून ह्युमिडिफायर, आगीसाठी स्प्रिंकलर, हे सुद्धा त्या गिरणीत फार लवकर बसले. दमटपणाने धागा कमी तुटतो आणि माणसाच्या छातीत धूळही कमी जाते, दोन्ही एकदम.

अर्थात तीच गिरणी पुढे १९८६ मध्ये सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आजोबांच्या वस्तीतल्या घरांनी ते दिवस काढले आहेत. आज तिथे मॉल आहे. मी तिथून जातो तेव्हा मुलाला सांगतो की पणजोबा इथे कामाला होते. चांगली रीत एकदा लावली म्हणजे ती आपोआप टिकत नाही, हे आम्ही घरातच पाहिलं.

हिंगणा_शेडजी, त्या आठ माणसांचं काहीतरी करा. बाकीचं हळूहळू होईल.

बुटीबोरी_बस | बुधवार, रात्री १०.५०

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

सहा वर्षं ठेकेदारामार्फत पॅकिंगला आहे. कुठल्या कंपनीत ते नाही सांगत. पगाराच्या कागदावर दर महिन्याला पीएफ कापलेला दिसायचा. वडलांच्या आजारपणात पैसे काढायला गेले तेव्हा पासबुकात चौदा महिन्यांचेच पैसे होते. ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) कार्डही चालू नव्हतं. ठेकेदार म्हणाला, मागच्या ठेकेदाराला विचार. मागच्याचा फोन बंद. कंपनीच्या गेटवर मोठ्या अक्षरात ‘आमची मूल्ये’ लिहिलेली आहेत, त्यातलं पहिलं ‘माणूस’ आहे. रोज त्याच्या खालून आत जाते.

दादा, तुमच्या आठ जणांना त्यांचा यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर माहीत आहे का, एवढंच विचारा. ज्याला माहीत नाही, त्याचं काही खरं नाही समजा.

ताळेबंद | बुधवार, रात्री ११.३०

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ मालकाची जबाबदारी असते, ती त्याला झटकता येत नाही. पगाराच्या कागदांच्या प्रती आणि पासबुकाची प्रत घेऊन पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करा, पोच घ्या. अर्ज लिहायला मदत लागली तर मला इथे निरोप पाठवा, पैसे घेणार नाही.

धागाकर्त्यासाठी: ईपीएफओच्या (पीएफ संघटनेच्या) संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे. ठेकेदाराचं नाव किंवा कोड टाका, कोणत्या महिन्यात किती माणसांचे किती पैसे भरले ते दिसतं. पासवर्ड लागत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता महिनोन्महिने ठेकेदाराची बिलं पास करणारे मालक मी पाहिलेत, आणि तुम्हीही त्यातलेच आहात हे तुम्ही कबूल केलंत, म्हणून उघड लिहितो.

बर्डीवाला | गुरुवार, सकाळी ८.२०

बुटीबोरी_बस ताई, तुमचं वाचून रातभर झोप नाही आली. मी पण माह्या ठेकेदाराचं नाव टाकून पाह्यलं. अकरा माणसं माह्याकडे, चार माणसांचे पैसे भरलेले. मी आजवर कधीच नव्हतं पाह्यलं. आज त्याले बोलावलं आहे.

सोमवारी मी हिंगणावाल्या भाऊले जे सांगितलं ते परत घेतो.

निवृत्त_पाणीपुरवठा | गुरुवार, दुपारी ३.१०

मोठ्यांनी मनावर घेतलं तर काय होतं याचं आपल्याच शहरातलं उदाहरण इथे यायला हवं. भांडेवाडीला महापालिकेचा १३० एमएलडीचा (रोज १३० दशलक्ष लिटर) सांडपाणी प्रकल्प आहे. तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. पूर्वी त्या कामाला धरणाचं गोडं पाणी लागायचं. आता तेवढं पाणी वाचतं, नाग नदीत तेवढी घाण कमी जाते आणि महापालिकेला वर पैसेही मिळतात. सगळे प्रश्न सुटलेत असं नाही, नदी अजून स्वच्छ नाही. पण हे झालं ते दोन्ही बाजूंनी लेखी करार होता म्हणून.

पुण्यातला_नागपूरकर | गुरुवार, रात्री ९.४५

हिंगणा_शेड, एक विचारायचं राहिलं. पिवळं पॅसिवेशन तुम्ही निवडलंत की ड्रॉइंगवर लिहिलंय?

हिंगणा_शेड | गुरुवार, रात्री १०.०५

ड्रॉइंगवर आहे. ‘झिंक प्लेटेड, यलो पॅसिवेटेड’. ड्रॉइंग जुनं आहे, बाबांच्या वेळचं.

पुण्यातला_नागपूरकर | गुरुवार, रात्री १०.३०

मग हे नीट लक्षात घ्या. आचारसंहितेत घातक रसायनं टाळा म्हणणारी कंपनी ड्रॉइंगवर हेक्साव्हॅलंट क्रोमियम मागते आहे, आणि हे तिच्या आत कोणाच्याच ध्यानात नाही. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत. ट्रायव्हॅलंट पॅसिवेशनचे नमुने करा, ९६ तासांची सॉल्ट स्प्रे (मिठाच्या फवाऱ्यात गंज तपासायची) चाचणी करून घ्या आणि ड्रॉइंग बदलण्याची विनंती गुणवत्ता विभागाकडे पाठवा. मान्यता येण्याआधी परस्पर बदल करू नका, नाहीतर माल परत येईल. विनंतीचा मसुदा मी लिहून देतो.

हिंगणा_शेड | दीड महिन्यानंतर, रविवार, दुपारी ४.१५

मंडळी, उशीर झाला. सगळं इथे मांडतो, कारण हे तुमच्यामुळे झालं.

आठ जणांपैकी पाच जणांचे यूएएन होते, तिघांचे नव्हतेच. पाचांचे सात महिने भरलेले नव्हते. ठेकेदाराशी भांडण झालं, त्याचं शेवटचं बिल मी अडवलं आणि त्यातून थकलेला भरणा करून घेतला. पहिल्या तारखेपासून आठही जण माझ्या हजेरीपटावर. त्यांच्यातला एक वेल्डर नऊ वर्षं आमच्याकडे आहे. नियुक्तीपत्र हातात दिलं तेव्हा त्याने ते दोनदा वाचलं, मग घडी करून खिशात ठेवलं, पुन्हा काढून पाहिलं. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. नऊ वर्षं.

ओव्हरटाइम दुप्पट केला. दोन्ही मिळून महिन्याला तीस हजारांच्या आसपास बोजा वाढलाय. त्यातला काही भाग कमी ओव्हरटाइममुळे निघतो आहे, कारण आता मीच कामाचं नियोजन आधी करतो. समितीत पॅकिंगच्या तिघींपैकी एकीला घेतलं, बाहेरच्या सदस्य म्हणून एक निवृत्त शिक्षिका आहेत. पहिल्या बैठकीत त्या तिघींनी तक्रार केली ती संडासाच्या कडीची. कडी नव्हती. मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. त्याच दिवशी बसवली.

प्लेटिंग लाइन एकोणीस दिवस बंद होती. वैनगंगाताई एका रविवारी स्वतः येऊन टाक्या कशा लावायच्या ते दाखवून गेल्या, चहाशिवाय काही घेतलं नाही. आता तीन टाक्या आहेत. अकरा पोती बुटीबोरीच्या सामायिक घातक कचरा प्रकल्पात गेली, वजन भरलं ३४० किलो. नियमाप्रमाणे ९० दिवसांच्या वर साठा ठेवता येत नाही, तो मी ठेवला होता हे लेखी कळवलं. त्यावर काय येईल ते सोसायची तयारी आहे.

तक्ता पाठवला. ५७ ‘हो’, पाच ‘नाही’, प्रत्येक ‘नाही’पुढे तारीख. सोबत बिलांचं पत्र आणि ड्रॉइंगची विनंती. तिसऱ्या दिवशी खरेदी विभागातून फोन आला, आवाज चढलेला होता. मी पत्रातलंच वाचून दाखवलं. पुढच्या पंधरवड्यात अकाउंट्समधून उद्यम प्रमाणपत्र पुन्हा मागितलं आणि जुनी दोन बिलं सुटली. तिसरं आज ७८ दिवसांवर आहे. नव्या पीओवर अजूनही ९० दिवसच छापून आलंय, तेवढ्यापुरतं परत पत्र लिहिलं आहे. एका ब्रॅकेटची ऑर्डर दुसरीकडे गेली. दरामुळे गेली असं म्हणतात. पत्रामुळे गेली का, ते मला कधीच कळणार नाही.

ट्रायव्हॅलंटचे नमुने ९६ तासांत पास झाले. ड्रॉइंगची मान्यता यायची आहे.

बुटीबोरी_बस | रविवार, संध्याकाळी ५.४०

दादा, तुमच्या वेल्डर भाऊंचं वाचलं. माझी तक्रार दाखल झाली आहे, ताळेबंद साहेबांनी अर्ज लिहून दिला. कंपनीला नोटीस गेली असं समजलं.

वैनगंगा | रविवार, संध्याकाळी ६.२०

शेवटच्या बॅचचा रिपोर्ट आला का?

हिंगणा_शेड | रविवार, संध्याकाळी ६.३५

शुक्रवारी आला ताई. हेक्साव्हॅलंट क्रोमियम ०.०८, म्हणजे मर्यादेत. झिंक ६.२ आलंय, मर्यादा ५ आहे. म्हणून ती बॅच सोडली नाही, टाकीतच आहे.

वैनगंगा | रविवार, संध्याकाळी ६.५०

पीएच कमी पडला असणार. ९.२ पर्यंत न्या, हळूहळू, आणि बसायला रात्रभर द्या. सकाळी वरचंच पाणी घ्या, टाकीचा तळ ढवळू नका. पीएच पट्टीवर विसंबू नका, मीटर आणलाय ना?

हिंगणा_शेड | रविवार, संध्याकाळी ६.५५

मीटर कालच आला. आता शेडवर निघालोय, आजच चुना टाकून ठेवतो. सकाळी नमुना तुमच्याकडे पाठवतो, आकडा इथेच लिहीन.